कोल्हापुरात मेटल डिटेक्टर फिरवताना जुनी नाणी सापडली, तर आपली म्हणून ठेवता येतात का?

नाही भावा, गुपचूप नाही. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हो, दहाच रुपये. रान आपलं असलं तरी. आणि पन्हाळ्यासारख्या संरक्षित जागी तर मशीन बाहेरच काढू नकोस.

मी ऊस तुटल्यावर आमच्याच रानात फिरवतो. दहातले नऊ आवाज म्हणजे खिळा, बाटलीचं झाकण नाहीतर नांगराचा बोल्ट. एकदा मात्र ढेकळातून हिरवट तांब्याची चकती निघाली. शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं! एका बाजूला 'छत्र' आणि खाली 'पति' पुसट दिसत होतं. मी शहाण्यानं चिंच लावून खसाखसा घासली. चकती लखलखली, 'पति' गेलं. अर्ज देताना तोंड लपवायची वेळ.

तेव्हा घासू नकोस. माती सुकू दे, आहे तसा फोटो काढ, जागा आणि खोली लिहून ठेव. नाण्याइतकीच ती माहिती मोलाची.

नुसतं बघायचं असेल तर टाउन हॉल म्युझियममध्ये जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या सातवाहनकाळातल्या वस्तू तिथं आहेत, अगदी रोमन समुद्रदेवाची मूर्तीसुद्धा.