मॅरेथॉनच्या लाँग रनसाठी सगळ्यात मऊ कुशनचे शूज घ्यावेत का?

तुमचा प्रश्न असा, की पहिल्या मॅरेथॉनची तयारी चालू आहे, ३० किलोमीटरच्या पुढचे लाँग रन आता सुरू होतील, तर सगळ्यात मऊ कुशनचे शूज घ्यावेत का आणि कोणते. कुशनचे जरूर घ्या. ‘सगळ्यात मऊ’ एवढं मात्र डोक्यातून काढा. मी ते एक नख देऊन शिकलोय.

आमचे दाजी पातळ सोलवाले. जाड सोल दिसला की त्यांचं ठरलेलं वाक्य, “गादी बांधून पळतायत.” त्याच्या पाठोपाठ अबेबे बिकिला येणारच. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता मधूनच सुरू केलं तरी पुढचं मी म्हणून दाखवेन. त्यांना खिजवायचं म्हणून मी दुकानातला सगळ्यात जाड आणि सगळ्यात मऊ जोड उचलला. चार पावलं टाकली, टाच आत रुतली, वाटलं हेच ते. नंबर रोजच्या बुटाचाच. आणि शनिवारी घेतलेला जोड रविवारी थेट ३२ किलोमीटरला घातला. हसू नका, पहिल्या खेपेला बरेच जण हेच करतात.

पहिले दहा किलोमीटर मस्त. अठराव्याला एका वळणावर उजवा पाय आत कलला, सावरलो. मग प्रत्येक वळणावर तेच. पाय ताजे असतात तोवर मऊ फोम लाड करतो. ते थकले की तोच डगमगायला लागतो आणि तोल सांभाळायचं काम घोट्यावर येतं. पंचविसाव्यानंतर पाय सुजले आणि अंगठा दर पावलाला शूजच्या टोकावर आपटायला लागला. साडेसहाच्या पेसला, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं लावत धावलं, तर किलोमीटरमागे साधारण अकराशे पावलं पडतात. उरलेल्या सात किलोमीटरचा हिशेब तुम्हीच करा. घरी येऊन मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी. डावं तीन आठवड्यांनी मोज्यातच राहिलं.

दाजींनी नखांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी शूज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, वाकून डोळे टाचेच्या पातळीला आणले. उजव्याची टाच किंचित आत झुकलेली, आणि फोमवर आडव्या सुरकुत्या, त्याही फक्त आतल्या बाजूला. “एका रनमध्ये गादी बसली,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरी ‘कुशन वाईट’ असा निकाल लागलेला आहे. मी तो आजही मानत नाही.

कारण चूक जाडीची नव्हतीच. जाड सोल आणि मऊ सोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोम जाड असून घट्टही असतो, आणि लाँग रनला तसाच हवा. दुकानात उड्या मारून काही कळत नाही. एका पायावर उभे राहा, गुडघा थोडा वाकवा. घोटा थरथरला तर जोड परत ठेवा. तळ रुंद हवा, टाचेमागचा कप बोटांनी सहज दाबला जाऊ नये. नंबर घ्यायला संध्याकाळी जा, लाँग रनचेच मोजे घालून, आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. नखं जातात ती बहुतेक याच कंजुषीपायी. ड्रॉप, म्हणजे टाच आणि पंजाखालच्या जाडीतला फरक, सवयीपेक्षा एकदम कमी केलात तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर बोंबलतील.

मॉडेलचं नाव मी सांगत नाही. नाव तेच ठेवून कंपन्या पुढच्या आवृत्तीत फोम बदलतात, मग शिव्या मला. कार्बन प्लेटवाले, म्हणजे सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले शूज, शर्यतीसाठी ठेवा, संथ लाँग रनला ते वाया जातात.

आता बिकिला. १९६४ ला टोकियोत तो पुन्हा जिंकला, तेव्हा पायात शूज होते. रोमची वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, टोकियोची २ तास १२ मिनिटं ११ सेकंद. दाजी हा दुसरा भाग कधीच सांगत नाहीत. सांगितलं की म्हणतात, चार वर्षांचा सराव वाढला होता. ठीक आहे, असेलही. पण जाड सोलने काहीच फरक पडत नसता तर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० मिलिमीटरची मर्यादा कशाला घातली असती? धावताना दर पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. घट्ट कुशन घालून रविवारी ३० केले तर मंगळवारी मी पुन्हा पळू शकतो. पातळ सोलमध्ये गुरुवार उजाडायचा.

एक राहिलं. माझं वजन ८२ किलो आहे. तुम्ही ५५ चे असाल तर मला घट्ट वाटणारा फोम तुम्हाला लाकूड वाटेल, तेव्हा माझं सगळंच्या सगळं ऐकू नका. नडगीवर एकाच जागी बोट ठेवलं की दुखत असेल तर शूज बदलत बसू नका, डॉक्टर गाठा. नवा जोड आधी तीन-चार छोट्या रनना घाला. ५०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान कधीतरी तो संपतो, वरून कितीही नवा दिसला तरी. आणि खरं सांगायचं तर पातळ सोल घालून दाजींना आजवर एकही दुखापत झालेली नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी माझ्या शूजचं मॉडेल विचारलं. “तुझ्या ताईला हवेत,” म्हणाले. ताईचा पाय पाच नंबरचा. त्यांनी मला विचारलं ते, नऊ नंबर पुरेल की साडेनऊ घेऊ.