कासला माणशी 150 रुपये, हे योग्य आहे का?

प्रश्न: सप्टेंबरात आम्ही घरचे सहा जण कास पठारावर फुलं बघायला गेलो. माणशी 150, म्हणजे नुसतं आत जायला 900 रुपये, पार्किंग वेगळं. जमीन सरकारी, फुलं निसर्गाची, मग पैसे कशाचे? आणि घ्यायचेच असले तर योग्य दर ठरवायचा कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर: 900 रुपये टोचणारच. पण कासला जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ, त्यातच ती फुलं उगवतात, आणि 2012 ला युनेस्कोच्या यादीत नाव आल्यावर तर सुट्टीच्या दिवशी नुसती झुंबड, फोटोसाठी फुलांत जाऊन बसणारे पण त्यात आलेच, मग राखण करायला माणसं लागतात, कचरा उचलावा लागतो, टॉयलेट लागतात, आणि हे सगळं वनखात्यासोबत आजूबाजूच्या गावांच्या समित्या बघतात, त्यांचे पगार कुठून तरी निघायला हवेत ना. म्हणून तिकीट असावं असंच मला वाटतं.

दर मात्र या खर्चावरून ठरवा, गर्दी हटवायला म्हणून नको. गर्दीसाठी दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग ठेवलंय, तेच कडक पाळा. उद्या तिकीट 500 केलं तर पुण्या-मुंबईच्या गाड्या येतच राहणार, एसटीने येणारं कुटुंब तेवढं घरी बसणार, हे मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेत 2017 मध्ये असाच घाट घातला होता, 17 नॅशनल पार्कांत ऐन सीझनला गाडीमागे 70 डॉलर. लोक इतके खवळले की सरकारला तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला आणि मोठ्या पार्कांचा दर 35 वर थांबला, तोही माणशी नाही, अख्ख्या गाडीचा. शिवाय 2004 च्या कायद्याप्रमाणे फीचे किमान 80 टक्के त्याच पार्ककडे राहतात, आणि तिथल्या चौथीच्या मुलांना वर्षभराचा पास फुकट, सोबत गाडीतले घरचे पण.

आपल्याकडेही मधल्या वारी दर कमी ठेवावा, जिल्हा परिषद शाळांच्या सहलींना पैसे घेऊच नयेत, आणि गेल्या सीझनला किती जमले, कशावर गेले हे गेटवरच मोठ्या फळ्यावर लिहावं. 900 देणाऱ्याला तो हिशोब मागायचा पूर्ण हक्क आहे, बिनधास्त मागा.