बिलिंगच्या टच स्क्रीनवर यादी सरकत नाही, स्क्रीन बदलून घेऊ का?

एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की दापोलीजवळ तुमचं हॉटेल आहे, जुनं टच मशीन आहे आणि विंडोजवर चालणारं बिलिंग सॉफ्टवेअर. यादी बोटाने वर ढकलली की एकतर जागची हलत नाही, नाहीतर बोटाखालचा पदार्थ थेट बिलात पडतो. मशीनवाला म्हणतो, स्क्रीन गेली. मी कुडाळ-मालवण भागात खानावळींना आणि काजू-कोकमाच्या दुकानांना अशी मशीनं बसवून देतो. ही तक्रार आली की मी स्क्रीनकडे सगळ्यात शेवटी बघतो.

मालवणातल्या एका खानावळीत हेच झालं होतं. मे महिना, बाहेर पर्यटकांची रांग, आणि काउंटरवरच्या काकी माझ्यावर भडकलेल्या. "मी काय आंधळी झालंय? बोट हय लावलंय, आणि सुरमय थय पडता!" यादी सरकवायला त्या सोलकढीवर बोट टेकवायच्या आणि बिलात तीन सोलकढ्या. गिऱ्हाईक बिल वाचून परत यायचं ते वेगळंच.

आधी एक सोपी तपासणी करा. बिलिंग बंद करा, त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये एखादं लांबलचक पान उघडा आणि बोटाने वर ढकला. पान सरकलं, तर स्क्रीन ठणठणीत आहे आणि दोष सॉफ्टवेअरचा. पान न सरकता अक्षरं निळी होत गेली, तर विंडोज तुमच्या बोटाला माऊस समजतंय. सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर पेन आणि टचची एक ओळ असते, तिथे टच उपलब्ध नाही असं दिसलं की खात्रीच झाली. जुन्या दाबाच्या स्क्रीन (ज्यांना रेझिस्टिव्ह म्हणतात) बहुतेक अशाच असतात. एका वेळी एकच बोट कळतं आणि ड्रायव्हर (स्क्रीन आणि विंडोज यांना जोडणारा छोटा प्रोग्राम) ते माऊस म्हणून पुढे पाठवतो. आता माऊसचं बटण दाबून ओढलं तर यादी कधी सरकते का? ओळी निवडल्या जातात. इथेही तेच होतंय.

दुसरा प्रकार सॉफ्टवेअरचा. एकापेक्षा जास्त बोटं ओळखायची सोय विंडोजमध्ये आली ती विंडोज ७ मध्ये, २००९ साली. आपल्याकडच्या बऱ्याच बिलिंग सॉफ्टवेअरचा पाया त्याच्या आधीचा आहे, वरून फक्त रंगरंगोटी. खिडकीला विंडोजची साधी स्क्रोलपट्टी असेल तर विंडोज स्वतःच बोटाची हालचाल पट्टीच्या भाषेत सांगून वेळ मारून नेतं. पण सॉफ्टवेअरवाल्याने यादीची चौकट स्वतः रंगवली असेल, किंवा सगळं जावा स्विंगमध्ये (प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवायचं एक जुनं साधन) लिहिलेलं असेल, तर बोट म्हणजे माऊस हेच त्याला ठाऊक. तिथे स्क्रीन बदला, मशीन बदला, काही फरक पडणार नाही.

पदार्थ बिलात पडतो त्याचं कारण आणखी साधं आहे. बोट टेकल्या क्षणी निवड करायची, की उचलल्यावर, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर बोट उचलेपर्यंत थांबतं, आणि मधल्या वेळात बोट जरा जास्त हललं असेल तर ते सरकवणं समजून निवड सोडून देतं. तुमचं थांबत नाही. सपोर्टला फोन कराल तेव्हा 'टच चालत नाही' असं मोघम सांगू नका, ते पुन्हा स्क्रीनवरच ढकलतील. "निवड बोट टेकल्यावर होते, ती उचलल्यावर करून द्या, आणि यादीला वर-खाली पान उलटायची दोन मोठी बटणं द्या," एवढंच सांगा.

तोवरची सोय म्हणजे स्क्रोलपट्टी रुंद करणं. रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं ती जागा) करंट यूजर, कंट्रोल पॅनेल, डेस्कटॉप, विंडोमेट्रिक्स या वाटेने गेलात की 'स्क्रोलविड्थ' सापडेल. तिथे सहसा उणे २५५ असतं. एका पिक्सेलला उणे १५ असा हिशेब, म्हणजे १७ पिक्सेल. ते उणे ६०० केलं की पट्टी ४० पिक्सेलची होते आणि जाडजूड अंगठाही बसतो. लॉगआउट करून परत आत या. आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा, मी एकदा आळस केला आणि रात्रभर बसलो. सॉफ्टवेअरने पट्टी स्वतः रंगवली असेल तर हा उपाय लागू पडत नाही.

आता स्क्रीनच्या बाजूचं बघू, कारण आपल्याकडे हवाही खारी आणि हातही ओले. मोबाइलसारखी स्क्रीन असेल तर ती बोटाची वीजधारणा ओळखते. त्यावर पाण्याचे थेंब पडले की तेही बोटासारखेच दिसतात, आणि खारं पाणी तर आणखीच. मासळीला हात लावून कोणी काउंटरवर आलं की यादी उड्या मारणारच. जवळ सुकं फडकं ठेवा. दाबाच्या स्क्रीनला ओल्या हाताचं फारसं काही वाटत नाही, तिचं दुखणं वेगळं. काच आणि चौकट यांच्या फटीत पीठ, मसाला, तेलकट मळ साचतो आणि सतत दाबत राहतो. स्क्रोलपट्टी नेमकी उजव्या कडेला, आणि मळही तिथेच! मशीन बंद करून जुनं व्हिजिटिंग कार्ड त्या फटीतून फिरवा, मग कॅलिब्रेशन करा, म्हणजे बोटाची जागा आणि स्क्रीनवरची जागा पुन्हा जुळवून घ्या. स्क्रीनभोवती अदृश्य किरणांवर चालणारी चौकट असेल, म्हणजे किरण अडला की बोट समजणारी, तर पावसाच्या तोंडाला दिव्यावर येणारी पाखरंसुद्धा बोट ठरतात.

यादी आपोआप सरकत असेल, तीही लाइट जाऊन इन्व्हर्टर चालू झाल्यावर, तर अडॅप्टर आणि अर्थिंग तपासा. स्वस्त अडॅप्टरचा विजेचा गोंगाट स्क्रीनमध्ये शिरतो आणि तिला खोटी बोटं दिसतात. जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ माळावर) घर असेल तर अर्थिंग नावालाच असतं. दगडात खोल खड्डा खणायचा कंटाळा, आणि उन्हाळ्यात तो कोरडा ठाक. वायरमनकडून मोजून घ्या, मीठ-कोळसा भरून पाणी घालायला सांगा. अर्थिंग स्वतः उघडून बघू नका.

हे सगळं करूनही माझं स्पष्ट मत असं की गर्दीच्या काउंटरवर यादी सरकवायची वेळच येऊ नये. काकींच्या मशीनवर ऐंशीच्या आसपास पदार्थ एकाखाली एक होते. आम्ही गट पाडले: थाळ्या, फ्राय, रस्से, वडे-भाकरी-भात, थंड. एका गटात वीसपेक्षा जास्त बटणं नाहीत, म्हणजे एका पडद्यावर मावतात. जास्त खपणारे पदार्थ पहिल्या पडद्यावर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा जो मासा मिळत नाही तो यादीतून लपवून ठेवायचा, पुसायचा नाही, नाहीतर जुना हिशेब बिघडतो. तुमच्याकडे हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावात काय मिळालं त्यावर रोजचा मेनू ठरत असेल, तर 'आजचे मासे' असा एक वेगळा गटच करा आणि सकाळी पाच मिनिटं त्याला द्या.

शिवाय प्रत्येक पदार्थाला दोन आकडी नंबर. सुरमई थाळी ११, बांगडा थाळी १२. पोरांना आठवड्यात पाठ झाले. काकी आता नंबर मारतात, स्क्रीनकडे बघतही नाहीत, गिऱ्हाइकाशी गप्पा चालूच. स्क्रीन जुनीच आहे.

तुम्ही ब्राउझरची तपासणी करून पान सरकलं की अक्षरं निळी झाली तेवढं खाली लिहा. अडॅप्टर दोन पिनांचा आहे की तीन (तिसरी पिन अर्थिंगची), तेही बघून सांगा. मग पुढचं सांगतो.