दारूच्या नशेत घडलं, म्हणून अपिलात सुटका होते का?

प्रश्न : माझा भाऊ २३ वर्षांचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला. आई आणि मी विड्या वळतो. गेल्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेहून परतताना रात्री त्याने एका रिक्षावाल्याचा मोबाइल आणि ८०० रुपये काढून घेतले, अशी केस झाली. मित्रांनी त्याला आग्रहाने पाजली होती, त्याला काही आठवत नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी जबरी चोरीत २ वर्षं सक्तमजुरी दिली. ‘शुद्धीत नव्हता, हेतू नव्हता’ असं अपिलात मांडलं तर सुटेल का?
– एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, सोबत पाठवलेली निकालाची नक्कल आणि जबाब मी दोनदा वाचले. दारूच्या मुद्द्यावर तो सुटेल असं मला वाटत नाही.

गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणून भारतीय न्याय संहिता लागते. कलम २३ त्याच्यासाठी आहे, ज्याला न कळत किंवा मर्जीविरुद्ध नशा दिली गेली आणि त्यामुळे आपण काय करतोय हेच कळेनासं झालं. मित्रांचा आग्रह म्हणजे जबरदस्ती नव्हे; पेला त्याने स्वतः तोंडाला लावला. अशा माणसाला कलम २४ प्रमाणे शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती असं धरतात. हेतू मात्र आपोआप धरत नाहीत, तो वागण्यावरून ठरवतात. तुमच्या वकिलांनी बहुधा ही फट पाहिली असावी.

पण वागणं काय सांगतं? सुप्रीम कोर्टाने १९५६ मध्ये बासदेव विरुद्ध पेप्सू (तेव्हाचं पतियाळा व पूर्व पंजाब संस्थानांचं संघराज्य) या खटल्यात हेच तपासलं. लग्नाच्या पंगतीत, जागेवरून उठला नाही म्हणून लष्करातल्या एका निवृत्त जमादाराने मुलाला गोळी घातली होती. तो प्यायलेला होता, पण चालत होता, बोलत होता, गोळीनंतर पळू लागला, धरल्यावर माफी मागितली. खुनाची शिक्षा कायम राहिली. तुमचा भाऊ बोळातून पळाला. दुसऱ्या दिवशी मोबाइल गादीखाली सापडला, त्यातलं सिम काढलेलं. ते सिम मला फार खुपतं. आज आठवत नाही, याचा अर्थ तेव्हा कळत नव्हतं असा कोर्ट घेत नाही. शिवाय नशा सिद्ध करायची जबाबदारी आपली, आणि अटक दुसऱ्या दिवशीची असल्याने रक्ताची तपासणीच नाही.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका अपिलात हाच नशेचा मुद्दा लावून धरला होता. फिर्यादीने अंधारात चेहरा धड पाहिलेला नव्हता, तो संशय आमच्या बाजूचा होता. जज्जसाहेबांनी विचारलं, “म्हणजे आरोपी तिथे होता, हे तुम्हाला मान्य?” अपील तिथेच संपलं. त्या मुलाच्या आईला व्हरांड्यात काय सांगायचं ते मला सुचलं नाही. आजही ते मनातून जात नाही.

तुमच्याकडे याहून बळकट गोष्ट आहे आणि ती निकालात कुणी धरलेलीच नाही. रिक्षावाल्याचा उलटतपास पाहा: ‘त्याने मला मारले नाही, धमकी दिली नाही. मोबाइल व पैसे ओढून घेतले व पळाला.’ जबरी चोरीला इजा, अडवणूक किंवा तत्काळ इजेची भीती लागते. यातलं काहीच नसेल तर उरते कलम ३०४ ची हिसकावणी, जिला जास्तीत जास्त ३ वर्षं. अपिलाचा भर इथे द्या. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची विनंतीही करा. व्यसन सोडायला उपचार सुरू केले असतील तर त्याचे कागद तिथे उपयोगी पडतील.

अपील आपल्या जिल्हा व सत्र न्यायालयातच, मुदत ३० दिवस. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज द्या. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, तरी निकालाची तारीख आजच मोजा. ऐपत नसेल तर कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्री म्हणून नव्हे, तर भाऊ कोठडीत आहे म्हणून त्याला स्वतःला मोफत वकील मागता येतो. अर्जावर सही त्याची घ्या, आणि उलटतपासाचं ते पान वर ठेवून न्या.