मुलीची वही वाचली, आता काय करू?

"मॅडम, गोधड्यांच्या घडीत तिची वही सापडली आणि मी ती वाचून काढली. आमच्या घराबद्दल, तिच्या लहानपणाबद्दल असं काही लिहिलंय की तिच्याशी काय बोलावं तेच सुचत नाही. वर्षभर ती घरात जेवढ्यास तेवढं बोलते. आमच्यावर राग धरून बसलीय का? आम्ही कुठं कमी पडलो?"

पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या कपाशीवाल्या घरातली ही आई. मुलगी 16 वर्षांची, अकरावीला, रोज एसटीनं तालुक्याला जाते. हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला येणारे पालक पुष्कळ असतात. कुणी वही वाचलेली असते, कुणी मोबाइल उघडलेला असतो. इथली हकीकत अशा एकाहून अधिक घरांच्या अनुभवांतून जुळवली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वहीतली जी वाक्यं आईला बोचली ती अशी: "आमचं घर माझ्यामुळे फुटलं, हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही." "मी लहान असताना खूप बोलायचे. आता बोलले की काहीतरी मोडतं." "मम्मीला वाटतं मी अभ्यासाच्या टेन्शनमध्ये आहे. वाटू दे."

आईनं यातलं शेवटचं वाक्य धरून ठेवलं होतं. खरं काम पहिल्या दोन वाक्यांत होतं.

पण त्याआधी एक गोष्ट तपासावी लागते, कारण तिथं उशीर चालत नाही. मरण्याबद्दल, निघून जाण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल वहीत काही आहे का? हातावर कापल्याच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, जेवण-झोप एकदम तुटणं, असं काही दिसतं का? असेल तर मुलीचा खासगीपणा दुसऱ्या क्रमांकावर जातो. त्याच दिवशी तिला सरळ शब्दांत विचारायचं: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरत नाही, उलट अडकलेलं बाहेर यायला वाट मिळते. मुलीला एकटं ठेवायचं नाही. आणि कपाशीच्या घरात फवारणीच्या औषधाचे डबे पडवीत, खाटेखाली, न्हाणीजवळ पडलेले असतात. ते आजच कुलपात गेले पाहिजेत आणि किल्ली एका मोठ्या माणसाच्या खिशात राहिली पाहिजे. आवेगाच्या त्या थोड्या वेळात औषध हाताशी नसणं, एवढ्यानंसुद्धा जीव वाचतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं मानसोपचाराची ओपीडी विचारावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणी मुलीला त्रास दिल्याचं वहीत असेल तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. हे सगळं इथं आधी लिहिलं, कारण वही वाचलेल्या पालकानं पहिलं हेच बघायचं असतं.

या वहीत तसं काही नव्हतं. मुलीशी स्वतंत्र बोलूनही खात्री करून घेतली.

मग पुढचा प्रश्न: वाचल्याचं सांगायचं का? बहुतेक आया म्हणतात, नको, वही होती तशी ठेवून देते. यात गडबड होते. वाचलेलं माणसाच्या तोंडातून कुठून तरी बाहेर पडतंच. एखाद्या संध्याकाळी आई म्हणून जाते, "घर काही तुझ्यामुळे फुटलं नाही बरं," आणि मुलगी जागीच गोठते. त्यानंतर ती वही जाळते आणि बोलणं होतं तेवढंही थांबवते. म्हणून आधी आपण होऊन सांगावं, दोन-तीन दिवसांच्या आत. जेवताना नको, भावंडांसमोर नको, परीक्षेच्या आदल्या रात्री नको. या आईनं जे सांगितलं ते एवढंच होतं:

"मी तुझी वही तुला न विचारता वाचली. काळजीपोटी वाचली, पण विचारायला पाहिजे होतं. यापुढं वाचणार नाही. तुला कधी बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन."

एवढं बोलून थांबायचं. थांबणं फार जड जातं. तोंडावर लगेच येतं, "पण आम्ही तुमच्यासाठी किती केलं," किंवा डोळ्यांत पाणी येतं आणि मुलीलाच आईची समजूत काढावी लागते. दोन्ही टाळावं. मुलगी चिडेल, दार आपटेल, दोन-चार दिवस बोलणार नाही. तिचा तो हक्क आहे. ही मुलगी आठवडाभर अबोला धरून होती. त्या आठवड्यात आईनं एकच केलं. कपाटाचा एक कप्पा मोकळा केला, त्याला कुलूप आणलं आणि दोन्ही किल्ल्या मुलीच्या हातात दिल्या. माफी मागितल्यावर वागण्यात काय बदललं हे मुलं बघतात, आणि किल्ली दिसते.

मुलगी समुपदेशनाला आली ती "मम्मीसाठी" म्हणून. पहिल्या भेटीत वहीचा विषय समुपदेशकानं काढायचा नसतो. तिच्यासमोर दोन कार्डशीट जोडून मांडल्या, आडवी रेघ मारली, डाव्या टोकाला जन्मसाल, उजव्या टोकाला आज. रेघेच्या वर घरात काय घडलं, रेघेच्या खाली तेव्हा तिला काय वाटलं. पेन तीन. स्वतः पाहिलेलं निळ्यानं, कुणी सांगितलेलं हिरव्यानं, स्वतः अंदाज बांधलेलं लाल रंगानं. साधारण 50 मिनिटांच्या भेटीत रेघ अर्धीच भरते. घाई करू नये.

सुरुवातीची तीन वर्षं सगळी हिरवी आली, ती सगळ्यांचीच तशी येतात. तीन वर्षांच्या आतलं फारसं कुणाला आठवत नाही, ते घरच्यांच्या सांगण्यातून कळतं. पुढं निळा रंग भरभरून आला: चौदा माणसांचं घर, मोठे काका म्हणजे आबा, काकू, चुलतबहीण, आजी, खळ्यातला कापसाचा ढीग, श्रावणात कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे एकत्र केलेल्या नैवेद्यासाठी, जमलेली सगळी भाऊबंदकी. आणि मग 2017-18. तिथं कागद लाल झाला होता.

तिच्या आठवणीत घडलं ते असं. तिसरीत होती. रात्री पप्पा मम्मीला हळू आवाजात सांगत होते की सोसायटीच्या कर्जाचे पैसे आबांनी घरात न सांगता दुसरीकडं वळवले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दारच्या निंबाला झोका बांधला होता, त्यावर बसून तिनं ते चुलतबहिणीला सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत ते काकूंच्या कानावर गेलं आणि ओट्यावर मोठं भांडण झालं. आजी तिला लहानपणापासून लाडानं म्हणायची, "तुना तोंडमा तीळ भिजत नही." त्या संध्याकाळी आजी तेच म्हणाली, पण हसली नाही. महिन्याच्या आत अंगणात भिंत उभी राहिली. आजी भिंतीच्या पलीकडं राहायला गेली. त्या श्रावणात रोट दोन घरांत वेगळे झाले.

आठ वर्षांच्या मुलीनं या सगळ्याला जोडणारं कारण स्वतःच शोधलं: मी बोलले म्हणून घर फुटलं. या वयाच्या मुलांना घरातल्या मोठ्या घटनेचं केंद्र आपणच आहोत असं सहज वाटतं. आईबाप भांडले तर माझ्यामुळे, आजोबा गेले तर मी त्यांना पाणी दिलं नाही म्हणून. मोठ्यांनी कारण सांगितलं नाही तर ही जागा रिकामी राहत नाही, मूल ती स्वतःला दोष देऊन भरतं. आणि घरचे समजतात, लहान आहे, तिला काय कळतंय, विसरून जाईल.

विसरत नाही. चौदा-पंधराव्या वर्षापासून ते वर येतं, आणि त्यालाही कारण आहे. लहान मुलाजवळ आठवणी सुट्या असतात: तो झोका, ती भिंत, ती दिवाळी. किशोरवयात "यामुळे ते घडलं आणि म्हणून मी अशी झाले" अशी सलग कहाणी रचण्याची ताकद पहिल्यांदा येते. मुलं मागं वळून घराकडं बघतात, आईबापांना तपासतात, जुने हिशेब काढतात. वह्या भरतात त्या याच काळात. पालकांना तो आरोप वाटतो. या मुलीच्या वहीत आईबापांवर एकही आरोप नव्हता, हे आईला दाखवून द्यावं लागलं. आरोप होता तो स्वतःवर.

वर्षभर ती का बोलत नव्हती, तेही इथं सुटलं. अकरावीला प्रवेश घेतल्यावर शेत गहाण टाकण्याची बोलणी तिच्या कानावर पडली होती. ऐकलेलं पुन्हा तोंडून निसटू नये म्हणून तिनं तोंडच बंद केलं.

तिच्या लाल नोंदींवरून तिनं प्रश्न काढले. सात निघाले. त्यातले पाच फक्त वडीलच सांगू शकत होते. वडील आधी यायला तयार नव्हते ("ती माझ्याशी बोलतच नाही, मी येऊन काय करू?"). खानदेशातला शेतकरी बाप कर्जाबद्दल मुलीशी बोलणं कमीपणाचं मानतो, त्यामागं मुलीला झळ लागू नये हीच इच्छा असते. त्यांना भेटीआधी वेगळं बसवून तीन गोष्टी ठरवून घेतल्या. प्रश्न जेवढा, उत्तर तेवढंच, वर्षासकट. कुणाची बाजू मांडायची नाही, स्वतःचीही नाही. आणि पैशाचं सांगून झालं की एक वाक्य नक्की म्हणायचं: "कर्ज माझं आहे, फेडणं माझं काम आहे." हे राहिलं तर खरं सांगण्याच्या नादात बापाचं ओझं मुलीच्या डोक्यावर जातं, आणि सोळाव्या वर्षी ती शिक्षण सोडायच्या गोष्टी करू लागते. हे बऱ्याच घरांत होतं.

वडील प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. 2017च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, एकरी आठ-नऊ क्विंटलच्या जागी तीन आली. बोंडं बाहेरून चांगली दिसायची, फोडली की आत किडकी सरकी. आबांनी पैसे वळवले ते मोठ्या मुलीच्या लग्नाच्या देण्यासाठी. भावाभावांत खटके दिवाळीपासून चालू होते. आणि वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडं फेब्रुवारीतच दोघांच्या सहीनं गेला होता. पिशवीतून फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचा, उतारा निघाला. त्यात वाटपाच्या आदेशाची तारीख मार्चमधली होती. आखाजी त्या वर्षी 18 एप्रिलला होती.

मुलीनं तो कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "मग आजी मला तसं का म्हणाली?" वडील म्हणाले, "ते मला माहीत नाही. ती फार दुखावली होती." माहीत नाही म्हणणं हेही उत्तरच असतं, ओढूनताणून दिलेल्या खुलाशापेक्षा कितीतरी बरं.

एका कागदानं आठ वर्षांची समजूत धुऊन जात नाही. पुढच्या तीन भेटींत तिनं तीच घटना पुन्हा लिहिली, एकदा आठ वर्षांच्या मुलीच्या नजरेनं, एकदा आजच्या. अशा लिखाणाची रीत अभ्यासातून आलेली आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. घरी करायचं तर एवढंच प्रमाण ठेवावं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. लिहून उठल्यावर काही वेळ मन जड होतं, म्हणून झोपण्याच्या तोंडावर लिहू नये. तीच घटना आठवडेच्या आठवडे लिहून रडू वाढतच असेल तर लिहिणं थांबवून समुपदेशकाकडं जावं.

घरी रोजचं बोलणं कसं सुरू करावं, हा आईचा शेवटचा प्रश्न होता. समोरासमोर बसवून "बोल, काय झालं?" विचारलं की या वयाची मुलं मिटतात. हात कामात आणि नजर दुसरीकडं असताना बोलणं सोपं जातं: शेंगा सोलताना, भरिताची वांगी भाजताना, वडिलांच्या मोटारसायकलवर मागं बसून एसटी स्टँडपर्यंत जाताना. दिवसाला 15-20 मिनिटं पुरतात. त्यात मार्क, मोबाइल आणि लग्न हे तीन विषय काढायचे नाहीत. तिनं काही सांगितलं तर ते मावशीला फोनवर सांगायचं नाही. या घरात तर मुळीच नाही. "मी हे कुणाला सांगू का?" असं आईनं आधी विचारायचं आणि नाही म्हटलं तर पाळायचं.

रात्री जागते म्हणून आई काळजीत होती, त्याचं फारसं मनावर घेऊ नये. या वयात झोपेची वेळ शरीराकडूनच पुढं सरकते, गरज मात्र आठ ते दहा तासांची राहते. सकाळच्या एसटीमुळे ती तुटते. रविवारी तास-दीड तास जास्त झोपू द्यावं.

चार महिन्यांनी मुलगी घरात बोलायला लागली आहे, वडिलांशी जास्त, आईशी अजून जपून. वही कप्प्यात आहे. आजीला तो जुना प्रश्न विचारायचा की नाही, हे तिनं ठरवलेलं नाही, आणि तिच्या वतीनं कुणी विचारू नये असं तिनं वडिलांना सांगून ठेवलं आहे. वडिलांनी ते मान्य केलं. पुढची भेट सहामाही परीक्षेनंतर ठरली आहे.