आग्वाद वरचा बघायचा की खालचा?

प्रश्न : डिसेंबरात दोन दिवस पणजीला येतोय. सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. नवरा रायगड-राजगड पालथे घातलेला. त्याचं म्हणणं, आग्वादला फोटो काढण्यापलीकडे काय आहे? एकाच सकाळी एकच किल्ला बघायचा तर आग्वाद की रेइश मागूश?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सासूबाईंचे गुडघे दुखतात ना, मग आग्वादच. त्याचे वरचा आणि समुद्राकाठचा खालचा असे दोन भाग आहेत, आणि वरच्या किल्ल्याच्या दाराजवळपर्यंत गाडी जाते. रेइश मागूश टुमदार आहे, डागडुजी होऊन २०१२ मध्ये खुला झाला, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रंही तिथे आहेत. पण चर्चच्या बाजूने चढावं लागतं.

आता यजमानांचं. राजगडाचं माप इथे लावू नका म्हणावं. बालेकिल्ला नाही, घाम काढणारी वाट नाही. डचांचा धसका घेऊन पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये हा बांधून पुरा केला. मांडवीत शिरणारं जहाज त्याच्या तोफांसमोरूनच जायचं. कोरडा खंदक ओलांडून आत गेलं की समोर जांभ्या चिऱ्यांचं उघडं पटांगण आणि १८६४ चा पांढरा दीपस्तंभ. बहुतेक लोक तिथेच ‘एवढंच?’ म्हणून मागे फिरतात. अहो, त्याच पटांगणाच्या पोटात टाकं आहे, २३ लाख ७६ हजार गॅलन पाण्याचं! लांबच्या सफरीवरची जहाजं इथून गोडं पाणी भरून घ्यायची. तटबंदी, तोफा, खंदक, सगळा खटाटोप त्या पाण्यासाठी आणि नदीच्या तोंडासाठी. आणि हो, १७३९ मध्ये मराठ्यांनी बारदेश, म्हणजे हे दोन्ही किल्ले असलेला मुलूख, घेतला, तेव्हाही आग्वाद आणि रेइश मागूश पडले नाहीत. हे यजमानांना तटावर उभं करूनच सांगा.

वर सावली जवळजवळ नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दहानंतर चिरा तापतो आणि टूरच्या बसगाड्याही येतात.

माझा खरा आग्रह खालच्या आग्वादचा. समुद्राकाठच्या तटात जुना तुरुंग आहे, तिथे आता संग्रहालय झालंय. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. समाजवादी नेते राममनोहर लोहियांना सप्टेंबर १९४६ मध्ये गोव्यात शिरताना पकडलं आणि इथेच डांबलं. त्यांची आणि गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांची कोठडी जपली आहे. कोठडीत एकदा आत उभं राहून बघा. बाहेर लाटांचा आवाज येत राहतो आणि समुद्र मात्र दिसत नाही. आमच्याकडे येणारे पाहुणे वर सेल्फी काढतात आणि इथे न येताच कांदोळीला जेवायला पळतात, याचा मला दरवेळी राग येतो.

वरचा किल्ला आणि तुरुंग यांचे रस्ते वेगळे आहेत. टॅक्सी ठरवताना दोन्ही ठिकाणं आणि थांबण्याचा वेळ धरून भाडं आधीच बोलून घ्या, नाहीतर खाली उतरल्यावर वाद होतो. परतताना टॅक्सी पणजीसमोरच्या काठावर, बेतीला सोडा आणि फेरीबोटीने पणजी गाठा. चालत चढणाऱ्याला तिकीट पडत नाही. फक्त धक्क्याची उतरण ओली असते, सासूबाईंचा हात धरा आणि आधी दुचाक्या उतरू द्या.