खांबावरचं स्टिकर, भिंतीवरचा स्प्रे

प्रश्न : आम्ही कॉलेजचे चौघे स्वतः काढलेल्या चित्रांची स्टिकरं छापून रस्त्यातल्या खांबांवर लावतो. जाहिरात नाही, शिवीगाळ नाही. वाढदिवसाच्या बॅनरांनी शहर भरलेलं असताना आक्षेप आमच्यावरच का?
– एक वाचक, दादर

उत्तर : बॅनरवाल्यांबद्दलची तुमची चीड रास्त आहे, पण त्यामुळे खांब तुमचा होत नाही. मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धच्या १९९५ च्या राज्य कायद्यात चित्र बरं की वाईट हा प्रश्न नाही, लेखी परवानगी आहे का एवढाच आहे. नसेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कायदा बाजूला ठेवा, तरी ते काढणार कोण? व्हिनाइल उन्हाने कडक होतं, नखाएवढे तुकडे पडत निघतं आणि गोंद खांबालाच राहतो. सफाई कामगार तो पत्र्याने खरवडतो, रंग उडतो आणि खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो. लावलेली स्टिकरं स्वतः काढा. हेअर ड्रायरने गरम करून कोपरा उचला, पृष्ठभागाला लगटून सावकाश ओढा. उरलेला गोंद रॉकेलच्या बोळ्याने पुसा, पण ड्रायर बंद करून लांब ठेवल्यावरच. थिनर नको, तो खांबाचा रंगही उचलतो.

वाहतुकीची चिन्हं, विजेच्या पेट्या, स्टेशनातले फलक आणि दुसऱ्याचं म्युरल यांना मात्र हात लावूच नये. यात आमच्याकडे सवलत नाही.

जागा हवी तर मागा. २००९ मध्ये तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत लोकांनी महापालिकेच्या संमतीनेच रंगवली होती. दुकानाचं शटर मालकाच्या चिठ्ठीवर मिळतं. तिथे कागद आणि खळ वापरा : १ वाटी मैदा १ वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, ३ वाट्या उकळत्या पाण्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत ढवळा. मोरचूद घालू नका, विषारी असतो. काढताना कोमट पाण्याने १५ मिनिटं भिजवलं की कागद सुटतो. चुन्याची सफेदी असलेल्या भिंतीवर मात्र हीच खळ सफेदीचे पोपडे घेऊन येते.

प्रश्न : सोसायटीच्या जुन्या दगडी कंपाउंडवर कोणीतरी स्प्रे मारलाय. वरून ऑइलपेंट फासावा का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नको. जमिनीतून चढलेली ओल पेंटखाली अडकते, पावसाळ्यात फोड येतात, लोणा लागतो. ॲसिडही नको, सांध्यांतला चुना विरघळतो. पाण्याने धुतलं जाणारं पेंट रिमूव्हर जेल आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून पाहा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा, धुवा. हातमोजे घाला. सच्छिद्र दगडात रंग मुरलेला असतो, त्यामुळे दोनतीनदा करावं लागेल. पुसटसा डाग राहिला तर राहू द्या. सँडब्लास्टिंगने डागाबरोबर दगडाची सालही जाते.